भविष्यकाळाचा धडा

"मी उद्यां जाणार" हें इंग्रजींत किती प्रकारांनीं सांगतां येतें, हा प्रश्न माझ्या तीस वर्षांच्या अध्यापकींत अनेक विद्यार्थ्यांनीं मला विचारला आहे, आणि प्रत्येक वेळीं मीं त्याचें उत्तर खडूचा तुकडा बोटांत फिरवीत, न अडखळतां दिलें आहे. परंतु गेल्या दिवाळींत डोळखांबला आमच्या जुन्या घराच्या ओटीवर सातवींतल्या एका मुलीनें तोच प्रश्न विचारला आणि मी अडखळलों. त्या अडखळण्याचीच ही हकीकत आहे.

तिनें वहीच्या पानावर पांच वाक्यें एकाखालीं एक लिहून आणलीं होतीं. आय शॅल गो टुमॉरो. आय विल गो टुमॉरो. आय ॲम गोइंग टु गो टुमॉरो. आय ॲम गोइंग टुमॉरो. आय गो टुमॉरो. अक्षर मोठें सुरेख होतें. कुठल्या तरी गाइडांतून तीं तिनें उतरून घेतलीं असावींत. "सर," ती म्हणाली, "ह्यांतलं खरं कोणचं?"

शाळेंतलें मूल सहसा "बरोबर कोणतें" असें विचारतें. ही "खरं" म्हणाली. मीं तो शब्द प्रथम कानाआड केला आणि तिच्या आजोबाकडे पाहिलें. तो ओटीच्या अगदीं खालच्या पायरीवर बसला होता. चाळीस वर्षांपूर्वीं तो आणि मी गांवच्या शाळेंत एका बाकावर बसत होतों आणि एकमेकांना अरे-तुरे करीत होतों. आतां वर ये म्हटलें तरी तो वर येत नाहीं, आणि मला "सर" म्हणतो. नात मला सर म्हणते तें गोड वाटतें. आजोबा म्हणतो तें लागतें.

डोळखांब ज्यांनीं पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द लिहितों. आसनगांव स्टेशनावर उतरून शहापूर ओलांडलें आणि पूर्वेकडे निघालें, म्हणजे शहराचें वारें मागें पडतें आणि समोर सह्याद्रीची भिंत हळूहळू उंच होत जाते. त्या भिंतींत आजोबाचा डोंगर आहे. वाल्मीकींचा आश्रम तेथें होता व लव-कुश तेथेंच लहानाचे मोठे झाले, अशी आमच्याकडील लोकांची श्रद्धा आहे. खालीं भाताचीं खाचरें, आणि त्यांच्या कडेकडेनें कुणबी, ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी यांच्या वस्त्या. दिवाळीच्या सुमारास भातें कापून होतात, खळ्यावर झोडणी सुरू होते, आणि ती आटोपली न आटोपली तोंच कातकऱ्यांच्या वाड्या ओस पडूं लागतात. रात्रीं-अपरात्रीं टेंपो येतो. भांडीं, गोधड्या, कोंबड्या, म्हातारीं माणसें, तान्हीं मुलें, सारा संसार त्यांत चढतो आणि भिवंडी-कल्याणकडील वीटभट्ट्यांवर जाऊन उतरतो. तो परत येतो मृगाच्या तोंडाला.

माझा बाकावरचा सोबती कातकऱ्याचा मुलगा. आम्ही पांचवींत होतों तें वर्ष १९८०. त्या वेळीं इंग्रजी पांचवीपासून सुरू होई. आमच्या मास्तरांचा क्रम ठरलेला असे: वर्तमानकाळ पावसाळ्यांत, भूतकाळ दिवाळीपर्यंत, आणि भविष्यकाळ नाताळ झाल्यावर. दिवाळीची सुटी संपून शाळा उघडे तेव्हां माझ्या शेजारची जागा रिकामी असे. जूनमध्यें तो पुन्हां येई, हाताच्या तळव्यांना घट्टे घेऊन. त्याला "आय गो" येत असे, "आय वेंट"ही येत असे. त्यापुढें त्याचें इंग्रजी गेलें नाहीं. पांचवींत त्याचा भविष्यकाळ राहिला, सहावींत राहिला, सातवीच्या दिवाळीनंतर तो जो गेला तो शाळेंत आलाच नाहीं. मीं त्याला त्या वर्षीं ऐटीनें सांगितलें होतें, "तूं आलास म्हणजे मी तुला सगळा भविष्यकाळ शिकवीन." मृग आला, तोही आला, मी मात्र त्याच्या वाडीवर गेलों नाहीं. पुढें कल्याण, पुढें मुंबई, पुढें ही प्राध्यापकी. "शिकवीन" हें क्रियापद मीं मागें डोळखांबला ठेवून दिलें आणि त्याच क्रियापदावर पोट भरूं लागलों.

त्या मुलीनें लिहिलेल्या पांच वाक्यांतलीं पहिलीं दोन ज्यांनीं लहानपणीं घोकलीं असतील त्यांना छडीची आठवण झाल्याखेरीज राहणार नाहीं. "आय" आणि "वुई" यांना "शॅल", बाकी सर्वांना "विल". निश्चय, वचन किंवा धमकी असेल तर हें सारें उलटें. रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणाच्या जाड पुस्तकांत हा नियम मीं पाठ केला. त्यांतला रेन हा "बो जेस्ट" या १९२४ सालच्या साहसकथेचा कर्ता, हें मला फार उशीरा कळलें. अगोदर कळतें तर त्या व्याकरणाविषयीं माझें मत बरें झालें असतें. परंतु नियमाचा मूळ पुरुष त्याहून पुष्कळ जुना. १६५३ सालीं जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञानें परकीयांच्या सोईसाठीं इंग्रजीचें एक व्याकरण लॅटिनमध्यें लिहिलें, त्यांत शॅल-विलची ही वांटणी त्यानें करून दिली. अनंतासाठीं आडव्या आठासारखें चिन्ह योजणारा वॉलिस तो हाच. अनंताला चिमटींत धरणाऱ्यास भविष्यकाळाचें काय मोठें! पुढें अठराव्या शतकांतल्या शालेय व्याकरणकारांनीं त्याची सूचना उचलून तिचा कायदा केला आणि साम्राज्याबरोबर तो कायदा आमच्या डोळखांबच्या शाळेपर्यंत येऊन पोहोंचला.

गंमत अशी कीं, खुद्द स्कॉटलंड आणि आयर्लंड येथील लोकांनीं तो कधींच जुमानला नाहीं, आणि अमेरिकेनेंही नाहीं. त्यांची थट्टा करण्यासाठीं इंग्रज पंतोजींनीं एक गोष्ट रचली होती. कोणी एक परप्रांतीय नदींत बुडत असतां ओरडला, "आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी!" त्याला म्हणायचें होतें कीं मी बुडतों आहें, मला कोणीच वाचवीत नाहीं, नियमाप्रमाणें अर्थ झाला, मी बुडणारच, खबरदार कोणीं वाचवाल तर! कांठावरच्या सद्गृहस्थांनीं व्याकरणाचा मान राखला आणि तो बुडाला. ही गोष्ट सांगितली कीं वर्ग हंसतो. मीही हंसत आलों आहें. परंतु शुद्ध बोलतां येत नाहीं म्हणून ज्याची हांक ऐकूं जात नाहीं असा माणूस फक्त गोष्टींतच बुडतो असें नाहीं.

आणि नियम मोडून बोलणाऱ्याचें ऐकणारेही भेटतात. १९४२ च्या मार्चमध्यें फिलिपाइन्स बेटें सोडून ऑस्ट्रेलियांत आलेला जनरल मॅकआर्थर "आय शॅल रिटर्न" म्हणाला. शाळेच्या हिशेबानें ही नुसती वर्दी. जगानें ती प्रतिज्ञा म्हणून ऐकली, आणि १९४४ च्या ऑक्टोबरांत लेटे बेटाच्या किनाऱ्यावर उतरून त्यानें ती खरी करून दाखविली. म्हणजे शब्दांत वचन असतें तें शॅलमध्यें कीं विलमध्यें यापेक्षां, बोलणारा परत येतो कीं नाहीं यावर अधिक अवलंबून असतें. माझा बाकावरचा सोबती दरवर्षीं परत येत होता. न जाणारा मी होतों.

मुंबईस एम.ए.च्या वर्गांत असतांना आम्हांला इंग्रजीच्या जुन्या स्वरूपाचीं व्याख्यानें असत. त्यांत एके दिवशीं कळलें कीं, इंग्रजीला स्वतःचा असा भविष्यकाळ मुळीं नाहींच. "केम", "सॉ" अशीं भूतकाळाचीं रूपें धातूच्याच पोटांतून निघतात; भविष्यकाळासाठीं मात्र त्या भाषेला शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे हात पसरावा लागला. तिच्या प्राचीन अवस्थेंत वर्तमानाचेंच रूप वापरून पुढचें बोलत. मग तिनें उसनवारी केली ती तीन ठिकाणीं. "विल" म्हणजे मूळ "इच्छितों". "गोइंग टु" म्हणजे खरोखरीचें चालणें. कोठें तरी कांहीं करण्यासाठीं निघालेला माणूस चालतां चालतां भविष्यकाळांत शिरला, आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून ही वाट मळत गेली. आणि "शॅल"? "शॅल" म्हणजे मूळ "मी देणें लागतों". जर्मन भाषेंत त्याच कुळांतला "शुल्ड" हा शब्द अजून आहे. त्याचा अर्थ कर्ज असाही होतो आणि अपराध असाही होतो.

व्याख्यान चाललें होतें, शेजारचे विद्यार्थी टिपून घेत होते, आणि मला एकाएकीं आमच्या दुकानांतली लाल कापडाची वही दिसूं लागली.

माझ्या वडिलांचें डोळखांबला किराण्याचें लहानसें दुकान होतें. मीठ, मिरची, सुकी मासळी, तेल, विड्या. पावसाळ्यांत कातकऱ्यांजवळ पैसा नसे; वही असे. वडील लिहीत: अमुक पायली तांदूळ, अमुक सुका बोंबील, आणि शेवटीं दोन शब्द, "दिवाळीस देईल". पानेंच्या पानें "देईल", "देईल", "देईल". दिवाळीस तो देई, आणि कोठून देई हें मला बालवयांत कळत नसे. भट्टीवाल्या शेठचा माणूस वाडीवर येऊन जोडप्यामागें बयाणा देऊन जाई. त्या बयाण्यांतून आमची वही फिटे. शेठचें मात्र अंगावर चढे. मग तो माणूस सहा-सात महिने चिखल तुडवी, त्याची बायको साचा उलटी, हजारी विटांवर हिशेब होई, आठवड्याची खर्ची त्यांतून वजा होई, आणि पावसाच्या तोंडावर शेठ सांगे, एवढे अजून राहिले. ते पुढल्या वर्षींच्या बयाण्यांत मिसळत. वडील व्याज लावीत नसत, निदान कातकऱ्यांना लावीत नसत, आणि गांवांत त्यांना भला माणूस म्हणत. मीही म्हणतों. परंतु ते वारल्यावर मीं त्या वह्या चाळल्या तेव्हां माझ्या सोबत्याच्या बापाचें खातें मला सांपडलें. १९८२ च्या दिवाळींत तें पुरतें फिटलें होतें. दोन पानें पुढें, त्याच महिन्यांत, वडिलांच्या अक्षरांत माझें नांव होतें: पुस्तकें, कंपासपेटी, नवा सदरा. माझ्या कंपासपेटीचा पैसा कोणाच्या भविष्यकाळांतून आला हें मला कोणत्याही शब्दकोशानें अधिक स्पष्ट करून सांगितलें नसतें.

आपल्या शास्त्रांत मनुष्य जन्मतःच देवांचें, ऋषींचें आणि पितरांचें अशीं तीन ऋणें घेऊन येतो म्हणतात. कातकऱ्याच्या पोराला चौथें एक असे, आणि तें फेडल्याशिवाय पहिल्या तिहींकडे वळायला त्याला सवड नसे.

इंग्रजीला हंसण्याचा अधिकार मराठीला कितपत आहे, कोण जाणे. १८३६ सालीं दादोबा पांडुरंगांनीं आपल्या भाषेचें व्याकरण छापलें तेव्हांपासून आपण शाळेंत तीन काळांचे तीन खण पाडून ठेवले आहेत. पण बोलणारा माणूस या खणांतला माल त्या खणांत सर्रास टाकतो. घराबाहेर पडतांना आपण "जातों" म्हणत नाहीं, "येतों" म्हणतों. जाणें अशुभ, म्हणून निघण्याच्या क्षणींच परतण्याचा वर्तमानकाळ! "दोन मिनिटांत आलोंच" हा तर सरळ भूतकाळ. आणि म्हणणारा अजून आंघोळीला बसलेला असतो. "बघूं" हें रूप व्याकरणाप्रमाणें भविष्यकाळाचें; व्यवहारांत मात्र तो सौम्य नकार आहे, आणि मराठी माणसाइतका तो कोणाला ओळखतां येत नसेल. सरकारी फलकावर "णार" असतो: पूल होणार, पाणी येणार, इमारत होणार. हा "णार" उन्हातान्हांत उभा राहून पुसट होत जातो. रंग उडतो, पण काळ बदलत नाहीं.

आपल्या "करील", "जाईल" या रूपांची घडण मात्र मोठी विचार करण्यासारखी आहे. "तो करी", "तो जाई" हीं एके काळीं वर्तमानकाळाचीं रूपें होतीं. आज तीं पूर्वींची रीत सांगतात. त्या जुन्या वर्तमानाला "ल" लागून "करील", "जाईल" झालें, असें आपल्या भाषेच्या इतिहासाचे अभ्यासक सांगतात. म्हणजे इंग्रजीनें आपला भविष्यकाळ कर्जांतून, इच्छेंतून आणि चालण्यांतून उभा केला. आपण तो चालत्या काळालाच एक अक्षर जोडून केला. आज जें होतें तेंच उद्यां होईल. खात्यापित्या घराला यांत स्थैर्य वाटेल. पण दर दिवाळीस जो भट्टीवर जाई तो या दिवाळीसही जाईल, इतकेंच जर "जाईल"चें पोट असेल, तर तें एक अक्षर फार थोडें आहे.

कायद्याच्या भाषेंत "शॅल"चें राज्य अजून आहे, आणि तेथें त्याचा अर्थ कर्जाहून निराळा, आज्ञेचा आहे. वेठबिगारी नाहींशी करणारा कायदा संसदेनें १९७६ सालीं केला आणि २५ ऑक्टोबर १९७५ पासून तो अंमलांत आला असें धरलें. त्याचीं मुख्य कलमें सबंध शॅलवर उभीं आहेत: ही पद्धति नष्ट होईल, प्रत्येक बिगारी मुक्त होईल, त्याच्यावर कामाचें बंधन राहणार नाहीं, त्याचें कर्जही बुडेल. मला हीं कलमें वाचतांना नेहमीं एक नवल वाटत आलें आहे. ज्या शब्दाच्या पोटांत "मी देणें लागतों" होतें, त्याच शब्दानें "तूं कांहीं देणें लागत नाहींस" असें सांगितलें! मराठींत आणतांना मात्र हा सारा जोर "होईल"मध्यें ओतावा लागतो, आणि "पाऊस होईल" यांतलाही "होईल" तोच. आम्ही पांचवींत होतों तेव्हां हा कायदा होऊन चार वर्षें झालीं होतीं. घटनेंतही असेंच आहे. चौदा वर्षांखालील सर्व मुलांना मोफत व सक्तीचें शिक्षण देण्याचा राज्य प्रयत्न करील, आणि तो दहा वर्षांच्या आंत करील, असें १९५० सालीं अंमलांत आलेल्या घटनेंत लिहिलें होतें. दहा वर्षें १९६० सालीं संपलीं. मग २००२ सालीं घटनादुरुस्ती होऊन सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठीं "प्रयत्न करील"च्या जागीं "देईल" आलें, २००९ सालीं त्याचा कायदा झाला, आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. ओटीवर वही घेऊन उभी असलेली मुलगी तेरा वर्षांची होती. म्हणजे ती या "देईल"च्या आंत जन्मली.

आतां ओटीकडे परत येतों. मीं तिला वर्गांत सांगतों तसें सांगितलें: पांचही वाक्यें शुद्ध आहेत, छटांचा फरक आहे. पहिलीं दोन आतां बहुतेक सारखींच मानतात. मनांत आधीं ठरलें असेल तर तिसरें. सगळी तयारी झाली असेल, कोणाशीं बोलणें झालें असेल तर चौथें. आणि पांचवें, नुसतें "आय गो", हें वेळापत्रकाचें. आगगाडी सुटते, सूर्य उगवतो, परीक्षा सोमवारीं सुरू होते. जेथें बोलणाऱ्याच्या इच्छेचा कांहीं संबंध नसतो आणि सगळें दुसऱ्या कोणीं ठरवून ठेवलेलें असतें, तेथें इंग्रजी माणूस भविष्यकाळाची तसदी घेत नाहीं.

ती वहीकडे पाहत होती. मग तिनें पेन्सिलीनें पांचव्या वाक्याखालीं रेघ मारली.

"आमचं ह्ये," ती म्हणाली.

मीं विचारलें, "म्हणजे?"

उत्तर पायरीवरून आलें. "परवां टेंपो यायचा हाय, सर. बयाणा घेतलाय. आतां जायाचा का नाय ह्यो इचार आपला नाय."

मला वाटलें होतें, तो व सून-मुलगा जातील, मुलगी आजीजवळ राहून शाळा करील. तसें नव्हतें. सुनेला सव्वा वर्षाचें मूल होतें. ती साच्यावर बसली कीं त्याला धरायला कोणी तरी हवें. आजी दोन वर्षांपूर्वीं गेली. मुलीनें दुसऱ्या सहामाहीचा धडा आजच विचारून घेतला याचें कारण मला तेव्हां कळलें. तो धडा नाताळानंतर शिकवतील हें तिला ठाऊक होतें. चाळीस वर्षांत मास्तर बदलले, पुस्तकें बदललीं, धड्यांचा क्रम तेवढा तसाच राहिला होता.

मग मीं तें केलें जें माझ्यासारखे लोक करतात. मी म्हणालों, "किती आहे अंगावर? मी देतों." हें बोलतांना मला थोडें उदार वाटत होतें, हें कबूल करतों.

तो हंसला. पुष्कळ वर्षांनीं त्याला हंसतांना पाहिलें. समोरचे दोन दांत नव्हते. "मंग तुमचं अंगावर यील, सर." थोडें थांबून म्हणाला, "तुमच्या बाबांचं फेडायलाच पयला बयाणा घेतला व्हता माझ्या बापानं." त्यांत कुचकेपणा मुळींच नव्हता. तो एक हिशेब सांगत होता, वहींत असतो तसा. मला माहीत नसेल म्हणून सांगत होता.

मीं कायदा सांगितला. त्यानें तो ऐकला होता. संघटनेचे लोक वाडीवर येऊन सांगून गेले होते, आणि त्याच्या ओळखीच्या एका कुटुंबाचा शेठकडचा पैसा तसा सुटलाही होता. "मंग पुढल्या साली त्यांना कोन देतो बयाणा?" एवढेंच तो म्हणाला. या प्रश्नाला उत्तर आहे. पावसाळ्यांत वाडीवर काम आणि धान्य असणें हें तें उत्तर. पण तें माझ्या खिशांत नव्हतें. मुलीला गांवांत ठेवा, वसतिगृहाचें मी पाहतों, धाकट्यासाठीं कांहीं तरी करूं, असें मी बोलत राहिलों. शेवटीं तो उठला, चप्पल पायांत घातली, आणि म्हणाला, "बघूं."

त्या रात्रीं मीं कंदील नव्हे, विजेचा दिवा लावून, आठ पानांवर इंग्रजीचा भविष्यकाळ सोप्या मराठींत लिहून काढला. उदाहरणांत लंडनची गाडी किंवा चहाचें निमंत्रण घालायचें नाहीं असें ठरवलें, आणि तें फार कठीण गेलें. माझ्या डोक्यांत साठलेलीं सारीं उदाहरणें सुट्टीवर जाणाऱ्या लोकांचीं होतीं. दुसऱ्या दिवशीं वाडीवर जाऊन तीं पानें तिला दिलीं. परवां म्हटलेला टेंपो त्याच पहाटे येऊन गेला असेल अशी मला धास्ती होती, पण तो आला नव्हता. तो आला तिसऱ्या रात्रीं. सकाळीं मी गेलों तों झोंपडीच्या दाराला बाभळीची फांदी आडवी लावलेली होती. मुलगी आदल्या दिवशीं निघतांना "येते, सर" म्हणाली होती आणि मीं संवयीनें "ये हं" म्हटलें होतें.

भट्टी कोठें आहे हें विचारून ठेवण्याइतकी अक्कल या वेळीं मला सुचली होती. मार्गशीर्षांत एका रविवारीं मी तेथें गेलों. मुकादमानें मला सरकारी माणूस समजून चहा पाजला, मग तसा नाहीं हें कळल्यावर थोडा आखडला. पण तासभर बसूं दिलें. कच्च्या विटांच्या थरामागें सांवलीला आम्ही बसलों. धाकटा तिच्या मांडीवर होता. तिनें आठांतलीं पांच पानें वाचलीं होतीं, तीन भिजून खराब झालीं होतीं. तिचा आजोबा काम सोडून आला नाहीं. लांबून पाहत होता. जातांना मात्र माझ्याजवळ येऊन चिखलाचे हात पाठीमागें धरून उभा राहिला आणि म्हणाला, "आमचं तं राह्यलंच, तसं तिचं नको." सर म्हणायचें तो त्या वेळीं विसरला.

दुसऱ्या रविवारींही गेलों. तिसऱ्या रविवारीं परीक्षेच्या उत्तरपत्रिका होत्या आणि मी गेलों नाहीं; तसें पुढें कळवतांही आलें नाहीं. चौथ्या रविवारीं गेलों तेव्हां तिनें तक्रार केली नाहीं. तिनें वही पुढें केली. "शॅल" आणि "विल" यांचीं दहा वाक्यें तिनें केलीं होतीं, त्यांत सात बरोबर होतीं, आणि चुकलेल्या तिहींपैकीं एक मला चूक म्हणवेना. "सर विल कम ऑन संडे" असें लिहून तिनें "विल कम" खोडलें होतें आणि वर "मे कम" लिहिलें होतें.

येत्या रविवारचें मीं तिला कांहीं सांगून ठेवलेलें नाहीं. सकाळची गाडी सव्वासहाला सुटते.